उलटी अक्षरे

निवृत्त माणूस घरात मोकळा बसला की घरातल्या वस्तू धास्तावतात, असे आमच्या सौभाग्यवतीचे मत आहे. आणि हे मत तिने ऐकीव माहितीवर बनवलेले नाही. बँकेतून निवृत्त होऊन मला पुरते तीन महिनेही झाले नव्हते, तोच मी भिंतीवरचे घड्याळ दुरुस्त केले होते. ते त्यानंतर चालले नाही. मिक्सरच्या भांड्याचे झाकण नीट बसत नव्हते, ते बसवून दिले. ते त्यानंतर निघाले नाही. त्यामुळे गेल्या वर्षी श्रावणातल्या एका सकाळी मी कपड्यांची इस्त्री, पितांबरीची पुडी आणि जुन्या दिवाळी अंकांचा एक गठ्ठा घेऊन स्वयंपाकघराकडे निघालो, तेव्हा तिने एवढेच विचारले,

"आज कुणाची पाळी?"

"तांब्याची," मी म्हणालो.

तिने लगबगीने देवघरापुढचा पाण्याचा तांब्या उचलून आत नेऊन ठेवला.

तिचा गैरसमज झाला होता. मला पाण्याचा तांब्या नको होता. तांबे नावाचा धातू हवा होता आणि तो मी बरोबर आणला होता. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत तांब्याचा पातळ पत्रा डकवलेल्या पाट्या मिळतात. माझी पाटी पोस्टकार्डाएवढी होती, रंगाने गुळाच्या ढेपेसारखी, आणि तिच्या एका अंगाला ०.०३५ मिलिमीटर जाडीचे तांबे. म्हणजे साध्या कागदाच्या जाडीचा जेमतेम तिसरा हिस्सा. त्या तांब्यावर मला घरच्या घरी विजेचे सर्किट छापायचे होते.

'छापायचे' हा शब्द वाचून तुम्ही थबकला असाल. पण रेडिओ, टी. व्ही., मोबाइल, काहीही उघडून पाहा. आत एक पाटी असते आणि तिच्यावर रेघांचे जाळे असते. पूर्वीच्या रेडिओत एका सुट्या भागापासून दुसऱ्यापर्यंत तारा ओढलेल्या असत. आता तारांच्या जागी तांब्याच्या रेघा आल्या आणि त्या अक्षरशः छापाव्या लागतात. कारखान्यात जे काम मोठमोठ्या यंत्रांवर चालते, तेच कचेरीतल्या साध्या लेसर प्रिंटरने आणि कपड्यांच्या इस्त्रीने घरी करता येते, असे मी वाचले होते. वाचलेली प्रत्येक गोष्ट करून पाहायची नसते हा शहाणपणा बँकेत पस्तीस वर्षे काढूनही मला आलेला नव्हता.

या उद्योगाचे कारण मात्र गमतीचे नव्हते. आषाढात एका रात्री आमचे नाना पडले.

नाना म्हणजे माझे वडील. वय सत्त्याऐंशी. त्यांच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत आमच्याकडे एक लांबट, अंधारी बोळकांडी आहे आणि तिचे दिव्याचे बटण, घर बांधणाऱ्याच्या कृपेने, दुसऱ्या टोकाला आहे. रात्री उठले की कुणाची झोप मोडू नये म्हणून नाना भिंत चाचपत जात. त्या रात्री भिंत हाताला लागली नाही. उजव्या मनगटाचे हाड मोडले आणि सहा आठवडे प्लॅस्टर आले. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावले. ते खरेच होते. पण प्लॅस्टरमधला तो हात पाहून मला जे वाटले, त्याचा उलगडा व्हायला थोडे मागे जायला हवे.

नाना जुळारी होते. १९५३ साली, सोळाव्या वर्षी, ते पुण्यातल्या एका छापखान्यात लागले आणि पुढची पस्तीस वर्षे त्यांनी खिळे जुळवले. आजच्या मुलांना खिळा म्हणजे भिंतीत ठोकायचा तेवढाच ठाऊक. नानांचे खिळे शिशाचे होते आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक उलटे अक्षर कोरलेले असे. समोर उतरत्या लाकडी घरांतून एकेक खिळा उचलायचा, डाव्या हातातल्या पट्टीत बसवायचा, ओळ भरली की दुसरी धरायची. भाद्रपद लागला की छापखान्यात दिवाळी अंकांची रात्रपाळी सुरू होई. मी त्यांचा डबा घेऊन जात असे. पिवळ्या दिव्यांखाली ओळीने उभी असलेली ती माणसे, खिळ्यांचा तो बारीक टकटकाट, शाईचा आणि रॉकेलचा वास, हे सगळे मला अजून दिसते आणि ऐकू येते. एकदा नानांनी माझ्या नावाचे पहिले अक्षर माझ्या तळहातावर ठेवले. मी म्हणालो, "नाना, हे उलटं आहे."

"असायलाच हवं," ते म्हणाले. "कागदावर दाबलं की सरळ होतं."

घरी आल्यावर आई त्यांना आधी मोरीकडे पिटाळी. साबणाने कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय ती त्यांना कशाला शिवू देत नसे. "शिसं आहे ते," ती म्हणे. "आधी हात धुवा."

१९८८ साली त्यांच्या छापखान्याने खिळे वजनावर विकून टाकले. त्याआधीच ऑफसेट आले होते. मग संगणकावर देवनागरी अक्षरे उमटू लागली आणि जुळाऱ्यांची गरज संपली. नाना एक्कावन्न वर्षांचे होते. पुढची दहा वर्षे त्यांनी एका किराणा दुकानाचे हिशेब लिहिले आणि त्याबद्दल कधी अवाक्षर काढले नाही. बोललो तो मीच. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा. आमच्या बँकेत संगणक नुकते येत होते आणि त्यांचे कौतुक माझ्या तोंडात मावत नव्हते. एकदा जेवताना मी म्हणालो, "नाना, तुमचं तीन दिवसांचं काम तो आता तीन तासांत करतो." नाना भात कालवत होते. त्यांनी तो संपवला, ताटाभोवती पाणी फिरवले आणि उठले.

धाकट्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका मी एका मित्राकडून संगणकावर करून घेतली आणि लेसर प्रिंटरवर काढलेला तिचा पहिला कागद मोठ्या ऐटीत नानांपुढे ठेवला. त्यांनी एक चूक काढली, समासात खूण केली. मग कागद उलटा केला आणि त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला. खिळ्यांनी छापलेल्या कागदाला मागून अक्षरांचा उठाव लागतो. हा कागद गुळगुळीत होता.

"ह्याला पाठच नाही," नाना म्हणाले आणि कागद माझ्या हाती दिला.

त्यानंतर छपाई हा विषय आमच्या घरात निघाला नाही.

आता त्यांचा तोच उजवा हात प्लॅस्टरमध्ये पाहून माझ्या मनात आले, की वडिलांसाठी आपण औषधे आणतो, स्वेटर आणतो, फळे आणतो. स्वतः केलेली वस्तू मात्र त्यांना एकही दिलेली नसते. मी ठरवले, की त्या बोळकांडीत आपणहून लागणारे दिवे करायचे. अंधार पडला की लागतील, उजाडले की विझतील. खरे सांगायचे तर असला तयार दिवा बाजारात शंभर-सव्वाशे रुपयांना मिळतो आणि सौभाग्यवतीने ते मला पहिल्याच दिवशी सांगितले. मी ते ऐकू न आल्यासारखे केले.

रचना अगदी साधी आहे. प्रकाश पडला की विजेला वाट सोडणारा आणि अंधार झाला की अडवून धरणारा एक चिमुकला भाग मिळतो. त्याला जोडायचा ५५५ नावाचा आठ पायांचा काळा तुकडा. हा १९७२ साली बाजारात आला आणि अजून दहा-पंधरा रुपयांत मिळतो. अंधार झाल्याची वर्दी लागली की तो दोन पांढरे दिवे लावतो. वीज घ्यायची मोबाइलच्या चार्जरची, म्हणजे पाच व्होल्टची. हात लागला तरी भीती नाही. पहिला दिवा मी भोकांच्या पट्टीवर तारा जोडून केला. त्याला दोन संध्याकाळी लागल्या, तो शेवयांच्या गुंडाळ्यासारखा दिसत होता आणि उचलला तेव्हा त्यातली एक तार निसटली. दिवे तर पाच हवे होते. म्हणून मी छपाईकडे वळलो.

या छापील सर्किटांची कथाही मोठी मौजेची आहे. पॉल आयस्लर नावाचा एक इंजिनियर १९३६ साली व्हिएन्ना सोडून लंडनला आला. छपाईच्या धंद्याशी त्याची व्हिएन्नातच ओळख झाली होती. त्याच्या मनात आले, की शाईने रेघ छापता येते तर तांब्याने का येऊ नये? भाड्याच्या खोलीत बसून त्याने छापील सर्किटाचा रेडिओ तयार केला आणि एका कंपनीला दाखवला. कंपनीने सांगितले, तारा जोडायला मुली आहेत, त्या स्वस्त पडतात. पुढे दुसऱ्या महायुद्धात विमानविरोधी तोफगोळ्यांत छापील सर्किटे गेली आणि मग जगाला त्याची कल्पना पटली.

दुसरा गृहस्थ चेस्टर कार्लसन. हा न्यूयॉर्कमध्ये पेटंटच्या कचेरीत कामाला होता आणि नकला करून करून त्याचे हात दुखत. त्याने घराच्या स्वयंपाकघरात गंधक वितळवून प्रयोग चालवले. त्याच्या घरात काय वास सुटला असेल, हे आमची सौभाग्यवती सांगू शकेल. शेवटी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी, अ‍ॅस्टोरियातल्या एका भाड्याच्या खोलीत, त्याने गंधक लावलेल्या जस्ताच्या पत्र्यावर कापड घासून विजेचा भार आणला, अक्षरे लिहिलेल्या काचेतून त्यावर प्रकाश टाकला, वर पूड भुरभुरवली आणि ती पूड मेणकागदावर घेऊन तापवली. अक्षरे कागदाला चिकटली. ज्याला आपण झेरॉक्स म्हणतो ते हेच. लेसर प्रिंटर त्याचाच पुढचा अवतार.

आणि इथेच आमच्या कामाची किल्ली आहे. लेसर प्रिंटरची शाई ही शाई नसतेच. काजळी मिसळलेली प्लॅस्टिकची पूड असते. प्रिंटरमधले तापलेले रूळ ती वितळवून कागदाला चिकटवतात. मग तोच कागद पालथा करून तांब्यावर ठेवा आणि वरून इस्त्री फिरवा. पूड पुन्हा वितळते आणि तांब्याला धरते. कागद पाण्यात भिजवून सोलून काढायचा. राहिल्या तांब्यावर काळ्या रेघा. आता पाटी फेरिक क्लोराइडच्या कोमट पाण्यात सोडली, की उघडे तांबे विरघळते आणि काळ्या रेघांखालचे सुरक्षित राहते. नखांचा रंग काढायच्या पाण्याने काळे पुसले, की खाली तांब्याच्या रेघा लखलखतात.

सांगायला हे असे चार ओळींचे. करायला मला दीड महिना लागला.

पहिली फजिती प्रिंटरची. मुलगी बंगळूरला गेली तेव्हा तिचा शाईचा प्रिंटर आमच्याकडे राहिला होता. मी त्यावर छापले, इस्त्री केली, पाटी पाण्यात टाकली आणि पाणी निळे झाले. ती शाई पाण्यातलीच. ती पाण्यातच परत गेली. मग मी एका बंद पडलेल्या झेरॉक्सच्या दुकानातून अडीच हजाराला जुना लेसर प्रिंटर उचलला. तो सुरू होताना गिरणीसारखा आवाज करी, पण छापी सुबक.

कागद हवा होता चिकणा. जाहिरातींच्या गुळगुळीत पानांवर पांढऱ्या मातीचा पातळ लेप असतो. तो पाण्यात मऊ पडला की कागद सहज सुटतो. पानावर आधीच छापलेली जाहिरात आड येत नाही, कारण ती शाई इस्त्रीने वितळत नाही. म्हणून मी दिवाळी अंक काढले होते. पहिले पान फाडले तेव्हा बोळकांडीच्या तोंडाशी खुर्चीत बसलेले नाना म्हणाले, "कुठलं पान आहे?"

"जाहिरातीचं. दागिन्यांचं."

"मजकुराचं फाडू नकोस," ते म्हणाले आणि पुन्हा वर्तमानपत्रात बघू लागले.

दुसरी फजिती तांब्याची. रेघा कुठे उठल्या, कुठे उठल्याच नाहीत. मी तीन पाट्या वाया घालवल्यावर सौभाग्यवतीला राहवले नाही. तिने पाटी हातात घेतली आणि तिरकी धरून पाहिली.

"अहो, हे काय? सगळीकडे तुमची बोटं उमटलीत. ताम्हन घासल्यावर आपण मध्ये हात लावतो का कधी?"

तिने पितांबरी बाजूला सारली, चिंच आणि मीठ आणले, पाटी घासली, खळखळून धुतली, कडेला धरून पुसली आणि कडेलाच धरून माझ्या हातात दिली. बोटांच्या तेलकटपणाने पूड तांब्याला धरत नाही, हे मी वाचले होते. तरी मला ते तिच्याकडून ऐकावे लागले. पुढचे काम निम्म्याने सोपे झाले. माझी कृतज्ञता फार टिकली नाही, कारण त्याच दुपारी मी ती फेरिक क्लोराइडची पाटी तिच्या स्टीलच्या बेसिनमध्ये धुतली. हा द्राव स्टीलही खातो. बेसिनवरचे तपकिरी डाग अजून आहेत आणि पाहुण्यांना त्यांची हकिगत सांगितली जाते. तेव्हापासून मी प्लॅस्टिकचे तसराळे वापरतो आणि हातमोजे घालतो. वापरलेला द्राव गटारात ओतत नाही, कारण त्यातले तांबे पाण्यातल्या जिवांना विष आहे. तो बंद बाटलीत असतो आणि बाटलीवर नानांनी डाव्या हाताने 'विष' असे लिहिले आहे. डाव्या हाताचे असूनही ते अक्षर छापल्यासारखे आहे.

पण मी पुढे गेलो. तिसरी फजिती सर्वांत मोठी, कारण ती फजिती आहे हे मला कळलेच नाही. रेघा उत्तम उठल्या. वीस मिनिटे पाटी डुलवल्यावर तांबे छान विरघळले. मी एक मिलिमीटरची भोके पाडली, आठ पायांचा तुकडा बसवला, सगळे जोडले आणि वीज दिली. दिवा लागला नाही. तुकडा मात्र असा तापला, की बोट भाजले. मी जोडण्या तपासल्या, दुसरा तुकडा घातला, तोही तापला. दिवेलागणीची वेळ झाली तरी मी टेबलापाशी डोके धरून बसलो होतो. नाना केव्हा उठून मागे उभे राहिले ते मला कळले नाही. टेबलावर मी काढलेली आकृती होती आणि शेजारी पाटी. त्यांनी एकदा इकडे पाहिले, एकदा तिकडे.

"उलटं छापलंयस," ते म्हणाले.

"नाना, ह्यात अक्षर एकसुद्धा नाही. उलटं-सुलटं कसं कळणार?"

"हा कोपरा कागदावर डावीकडे आहे. पाटीवर उजवीकडे गेलाय. आरशातलं झालं सगळं. कागदावरून पाटीवर घ्यायचं तर आधी कागदावर उलटं नको? लहानपणी सांगितलं होतं तुला."

मी पाहिले. पहिला पाय आठव्याच्या जागी होता आणि आठवा पहिल्याच्या. वीज एका पायाने यायची ती दुसऱ्याने येत होती. तुकडा तापणार नाही तर काय करील? छत्तीस वर्षांत नाना छपाईबद्दल माझ्याशी पहिल्यांदा बोलले होते आणि ते एका नजरेत जे वाचून गेले, ते मला दोन दिवस दिसले नव्हते.

त्यांनी खुर्ची ओढून घेतली.

"कोपऱ्यात एखादं अक्षर टाक," ते म्हणाले. "कागदावर ते उलटं दिसलं की समजायचं बरोबर आहे. आणि इस्त्रीखाली काय घेतोस?"

"पाट."

"पाट सपाट आहे हे तुला कुणी सांगितलं?"

दुसऱ्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघराचा छापखाना झाला आणि मी त्यातला उमेदवार. नानांचा उजवा हात गळ्यात अडकवलेला; डाव्या हाताने ते दाखवीत आणि मी करी. पाटाच्या जागी गुळगुळीत फरशीचा तुकडा आला. त्यावर वर्तमानपत्राचे पाच पदर, कारण छपाईला खाली जरा मऊ बैठक लागते, नाहीतर दाब एका ठिकाणीच पडतो. इस्त्री मधून कडेकडे न्यायची, रगडायची नाही. जिथे रेघ फिकी उठे, तिथे ते बोट ठेवून म्हणत, "इथे खालून एक कागद लाव." मी पोस्टाच्या तिकिटाएवढा कपटा खालून लावी आणि पुढच्या वेळी ती रेघ काळीभोर उठे. पाटी निवेपर्यंत तिच्यावर वजन हवे म्हणून मोल्सवर्थचा कोश ठेवला. नाना म्हणाले, मोल्सवर्थचा एवढा उपयोग ह्या घरात पूर्वी कधी झाला नव्हता.

मी एकदा भीत भीत विचारले, "नाना, ह्या प्रिंटरचा तुम्हाला राग नाही ना येत?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "राग यंत्राचा कधीच नव्हता. छापखाना म्हणजे यंत्रच की. एक प्रत हवी असेल तर हाताने लिहावी. पाच हव्या असल्या तर छापाव्या. आम्हीही कुणातरी लिहिणाऱ्याचं काम घेतलंच असेल." थोडे थांबून म्हणाले, "कुणी येऊन विचारलं असतं, की एवढी वर्षं काय शिकलात, तर बरं वाटलं असतं. खिळे विकले तेव्हा तराजूवाल्यानं नुसतं वजन विचारलं."

मला त्या जेवणाची आठवण झाली. मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे मी तेव्हाच फार बोलून ठेवले होते.

भाद्रपदात प्लॅस्टर निघाले. हात बारीक झाला होता, बोटे आखडली होती. डॉक्टरांनी चेंडू दाबायला सांगितला होता. नानांनी चेंडू बाजूला ठेवला आणि सुटे भाग वेगळे करायचे काम मागून घेतले. सौभाग्यवतीच्या मसाल्याच्या जुन्या डब्यात त्यांनी एकेका वाटीत एकेक जात लावली आणि दोन दिवसांनी न बघता ते मला हवा तो भाग काढून देऊ लागले. पाचही पाट्या तयार झाल्या तेव्हा त्यांनी पहिली हातात घेतली, चष्मा वर केला आणि तांब्याच्या रेघांवरून उजव्या हाताचा अंगठा हळूहळू फिरवला. कागदाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा तो उठाव. मला तो जेमतेम जाणवे.

"ह्याला पाठ आहे," नाना म्हणाले.

ते पत्रिकेचे वाक्य त्यांच्या लक्षात होते की नाही, मी विचारले नाही.

सुटे भाग पाटीला जोडताना मी कथिल आणि शिसे मिसळलेली तार वितळवत होतो. राळेचा धूर वर आला. नानांनी ती तार उचलून बोटांत वाकवून पाहिली आणि लगेच खाली ठेवली. "शिसं आहे हे," ते म्हणाले. "जेवायला बसण्याआधी हात धू. साबणानं. कोपरापर्यंत." आत पोळ्या करणारी सौभाग्यवती हसली. मला क्षणभर मोरीपाशी उभी असलेली आई दिसली.

दिवे लागले, पण एक विचित्र खोड घेऊन. लागले की विझत, विझले की लागत. मी पुन्हा डोके धरले. कारण साधे होते. दिवा स्वतःच्याच उजेडाला सकाळ समजत होता. उजाडले म्हणून विझे आणि अंधार झाला म्हणून पुन्हा लागे. जुन्या पेनांची टोपणे कापून प्रकाश ओळखणाऱ्या भागाला काळी नळी घातली, तेव्हा ही लहर थांबली.

एक गोष्ट मात्र नानांनी हट्टाने करवून घेतली. कोपऱ्यात खुणेसाठी मी नुसता 'क' टाकला होता. ते म्हणाले, "छापलेल्या वस्तूवर मुद्रकाचं नाव पाहिजे. १८६७ चा कायदा आहे." मी म्हटले, तो कायदा आता बदलला आणि तो पुस्तकांना आणि वर्तमानपत्रांना होता, सर्किटांना नव्हता. त्याचा काही उपयोग झाला नाही. शेवटी पाचही पाट्या मी नव्याने छापल्या. कोपऱ्यात तांब्याची बारीक अक्षरे उठली: 'मुद्रक : नाना'. आणि ते नाव दिसावे म्हणून तांब्याची बाजू बाहेर ठेवून पाट्या पारदर्शक डब्यांत बसवल्या. दिवे कडेवरून खाली वाकवले.

वसुबारसेच्या दिवशी बोळकांडीत पाचही दिवे लावून झाले. त्या रात्री मला झोप लागत नव्हती. दोनच्या सुमाराला नानांच्या सपातांचा आवाज आला. दाराच्या फटीतून जमिनीवर पडलेला मंद पांढरा उजेड दिसत होता. पावले चालली, पुढे गेली आणि मध्येच थांबली. न्हाणीघराचे दार वाजले नाही. माझ्या काळजात धस्स झाले. मी धावत बाहेर आलो.

नाना तिसऱ्या दिव्यापाशी भिंतीला हात टेकून वाकले होते. चष्मा लावला होता. माझी चाहूल लागली तरी त्यांनी मान वळवली नाही.

"दुसऱ्या 'ना'चा काना जरा तुटलाय," ते म्हणाले. "पुढच्या वेळी खालून एक कागद लाव."